ठराव वाचल्याशिवाय सही नको : सरकारी मराठी शाळांतील पालकांचे अधिकार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सीमाभागातल्या सरकारी मराठी शाळांविषयी आपल्या वृत्तपत्रात वरचेवर पत्रे येतात. बहुतेक पत्रे शिक्षकांच्या रिक्त जागा आणि घटता पट यांवर असतात, आणि ती यायलाच हवीत. पण या प्रश्नांवर पालकांच्या हातात कायद्यानेच दिलेले जे साधन आहे, त्याविषयी फारसे कुणी लिहीत नाही. ते साधन म्हणजे शाळा सुधारणा कमिटी, सरकारी कागदांवरची एसडीएमसी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागांतल्या कित्येक मराठी शाळांत या कमिटीचे ठराव कन्नडमध्ये लिहिले जातात. ज्या पालकांनी ते मंजूर केले असे कागदावर असते त्यांना ते वाचता येत नाहीत, तरीही खाली त्यांच्या सह्या आणि अंगठे असतात. शाळेला मिळणारे अनुदान, शाळेचा आराखडा आणि शिक्षकांची मागणी या तिन्हींवर पालकांचा अधिकार त्या एका सहीतून चालतो. म्हणून ती सही वाचून करावी आणि ठराव आपल्याला वाचता येईल असा लिहून घ्यावा, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

आधी कायदा पाहू. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, तो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 21 प्रमाणे सरकारी शाळेच्या कमिटीत किमान तीन चतुर्थांश सदस्य त्याच शाळेत शिकणाऱ्या मुलांचे आईवडील किंवा पालक असले पाहिजेत. निम्म्या सदस्य महिला हव्यात. दुर्बल व वंचित गटांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. कर्नाटकात अशा कमिट्या त्याआधीच, 2001 सालच्या सरकारी आदेशाने सुरू झाल्या होत्या. इथे कमिटीची मुदत तीन वर्षांची असते, अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो आणि मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतात. मूल शाळा सोडून गेले की त्या पालकाचे सदस्यत्वही संपते. गावोगावी नेमका हाच नियम पाळला जात नाही. मुलगा दहावी होऊन कामाला लागला तरी वडील अध्यक्षच राहतात.

निवड कशी बिघडते ते सांगायला हवे. मुदत संपली की कुणीतरी एक यादी तयार करतो, ती घरोघरी फिरते, सह्या होतात आणि 'बिनविरोध' असा शेरा पडतो. महिलांची नावे असतात, पण बैठकीला त्यांचे यजमान येतात. शाळेत मुलेच नसलेली मंडळी प्रतिष्ठित म्हणून आत येतात. हे टाळायचे तर निवडीची सभा शाळेतच घ्यावी. तारीख किमान आठवडाभर आधी फळ्यावर, ग्रामपंचायतीच्या सूचनाफलकावर आणि मुलांच्या वहीत लिहून कळवावी. सभेत आधी हजेरीपट उघडून पालकांची यादी वाचावी आणि त्या यादीतल्याच पालकांनी मत द्यावे. वेळही महत्त्वाची. खानापूर पट्ट्यात भातलावणीच्या दिवसांत सकाळी अकराची सभा ठेवली तर आया येणार नाहीत. निपाणीकडे तंबाखूच्या कामावर जाणाऱ्या बायकांचा रोज बुडतो. संध्याकाळी सहानंतर किंवा रविवारी सभा ठेवली तर निम्म्या महिलांची अट केवळ कागदावर राहणार नाही.

आता मुख्य मुद्दा, ठराव बुकाचा. मुख्याध्यापक कन्नडमध्ये ठराव लिहितात याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. तपासणीला आलेले अधिकारी कन्नड कागद मागतात. त्यात मुख्याध्यापकांना दोष देण्यात अर्थ नाही, आणि कन्नडविषयी आमची काही तक्रारही नाही. मुलांना ती भाषा चांगली यायलाच हवी. अडचण पालकाला ठराव न कळण्याची आहे आणि तिला साधा उपाय आहे. बुकाच्या डाव्या पानावर कन्नड आणि उजव्या पानावर तोच ठराव मराठीत लिहावा. दोन्ही पानांना एकच ठराव क्रमांक द्यावा आणि सह्या दोन्हींखाली घ्याव्यात. मराठी शाळेत मराठी लिहिणारे शिक्षक असतातच, त्यामुळे जादा काम पंधरावीस मिनिटांचे आहे. जिल्हा किंवा तालुका पातळीवर 15 टक्क्यांहून अधिक लोक एखादी अल्पसंख्याक भाषा बोलत असतील तर महत्त्वाचे नियम व सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, ही तरतूद भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशभर मान्य झालेल्या संरक्षणांत कित्येक वर्षांपासून आहे. त्यामुळे शाळेच्या चार भिंतींत मराठी पान जोडायला कुणी हरकत घेण्याचे कारण नाही.

ठराव बुकाला पानांचे क्रमांक असावेत आणि सुटी पाने चिकटवू देऊ नयेत. बैठक संपण्याआधी ठराव मोठ्याने वाचावेत. शेवटच्या ठरावाखाली आडवी रेघ ओढावी आणि रेघेच्या लगेच खाली सह्या घ्याव्यात, म्हणजे मागाहून मध्ये काही भरायला जागा उरत नाही. सर्वांत मोठा धोका कोऱ्या पानावर आगाऊ सह्या घेण्याचा. "पुढच्या महिन्यात साहेब येणार आहेत, आत्ताच सही करून ठेवा" असे कुणी म्हटले तर नम्रपणे नकार द्यावा. अंगठा लावणाऱ्या पालकाला ठराव वाचून दाखवला असे दुसऱ्या एका पालकाने तिथेच लिहून सही करावी. निघताना फोनमध्ये दोन्ही पानांचा फोटो काढावा. महिन्याला एक बैठक एवढे जमले तरी वर्षभरात शाळेचे सगळे व्यवहार पालकांच्या नजरेखालून जातात.

पैशाचा भाग पालकांना अवघड वाटतो, पण तो समजून घेण्यासारखा आहे. 2018-19 पासून सर्व शिक्षा अभियान आणि माध्यमिक शिक्षा अभियान एकत्र करून समग्र शिक्षा ही योजना झाली. कर्नाटकात तिचा 60 टक्के खर्च केंद्र आणि 40 टक्के राज्य करते. या योजनेतून शाळेला पटावर आधारित वार्षिक शाळा अनुदान मिळते. केंद्राच्या निकषांप्रमाणे 30 पर्यंत मुले असतील तर 10,000 रुपये, 31 ते 100 मुलांना 25,000, 101 ते 250 ला 50,000, 251 ते 1,000 ला 75,000 आणि त्याहून मोठ्या शाळेला 1 लाख, अशी कमाल रक्कम ठरलेली आहे. प्रत्यक्षात ती हप्त्यांनी येते. यातली किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करायची असते, म्हणजे 25,000 च्या अनुदानात 2,500 रुपये झाडू, फिनाईल, साबण आणि शौचालयाच्या दुरुस्तीसाठी. उरलेल्यातून वीजबिल, पाणी, खडू-फळा, मोडक्या वस्तू बदलणे, कौले सारखी करणे अशी कामे होतात. ग्रंथालय आणि क्रीडासाहित्याचे अनुदान वेगळे असते. फक्त प्राथमिक वर्ग असलेल्या शाळेला दोन्हींसाठी प्रत्येकी 5,000 रुपयांपर्यंत मिळू शकतात.

या आकड्यांतली एक गोष्ट मराठी शाळांनी विशेष लक्षात ठेवावी. पट 31 वरून 30 वर आला की कमाल अनुदान 25,000 वरून थेट 10,000 वर येते. एका मुलाच्या फरकाने 15,000 रुपये जातात. म्हणून यूडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी संगणकीय नोंदीत, पट भरला जातो तेव्हा कमिटीने हजेरीपटावरची संख्या आणि संगणकावरची संख्या शेजारी ठेवून पाहावी. आधारची जुळणी न झाल्यामुळे एखादे मूल वर्गात बसलेले असूनही नोंदीबाहेर राहते.

दुसरी गोष्ट पासबुकाची. मुख्याध्यापक आणि अध्यक्ष यांच्या जोडखात्याचे पासबुक पाहून "शाळेला काही आलेच नाही" असे पालक म्हणतात. 2021 पासून केंद्राच्या योजनांचा पैसा राज्याच्या एकाच नोडल खात्यात राहतो आणि शाळेच्या वाट्याला खर्चाची मर्यादा येते. शाळेने खर्च केला की रक्कम परस्पर दुकानदाराच्या खात्यात जाते. म्हणजे पासबुकात शून्य दिसले तरी अनुदान मंजूर असू शकते, आणि मर्यादा वेळेत वापरली नाही तर 31 मार्चला ती हातची जाऊ शकते. तेव्हा पासबुकाऐवजी यंदा किती मर्यादा आली, कुठल्या तारखेला आली आणि किती खर्च झाली, याची छापील प्रत मागावी. मुख्याध्यापकांना ती संगणकावरून काढता येते.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईघाईने केलेली खरेदी हा सगळ्यांत मोठा घोळ असतो. क्रिकेटची बॅट दुप्पट भावाने येते, ग्रंथालयासाठी दुकानात न खपलेली पुस्तके येतात, मराठी शाळेत कन्नड गोष्टींची पुस्तके येऊन कपाटात पडतात. ऑक्टोबरच्या बैठकीतच खरेदीची यादी ठराव करून ठरवावी, तीन दुकानांचे दरपत्रक घ्यावे आणि वस्तू आली की साठा नोंदवहीत लिहून तिथे एका पालकाने सही करावी. बिलावरची संख्या आणि कपाटातली संख्या मोजून पाहण्याला अविश्वास म्हणत नाहीत. अनुदानाच्या वापरावर देखरेख हे कलम 21 ने कमिटीवर सोपवलेले काम आहे.

पालकांकडून पैसे घेण्याचा प्रश्नही अधूनमधून येतो. पहिली ते आठवीपर्यंत सरकारी शाळेत फी नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये पालकांकडून ऐच्छिक म्हणून महिना 100 रुपये घेण्यास परवानगी देणारे परिपत्रक राज्यात निघाले होते आणि विरोध होताच ते मागे घ्यावे लागले. कुणी मनापासून देणगी दिली तर पावती द्यावी आणि ठराव बुकात नोंद करावी. ती प्रवेशाशी, दाखल्याशी किंवा निकालाशी कधीच जोडू नये.

शाळा विकास आराखड्याकडे तर बहुतेक कमिट्यांचे लक्षच नसते. कायद्याच्या कलम 22 मध्ये तो कमिटीनेच करायचा आहे. केंद्राच्या नमुना नियमांप्रमाणे आराखडा तीन वर्षांचा असतो, त्यात तीन वार्षिक भाग असतात आणि आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर, तो तयार हवा. त्यात पुढील वर्षांचा वर्गवार अंदाजे पट, लागणारे शिक्षक, खोल्या व साहित्य आणि त्याचा खर्च लिहायचा असतो. खाली अध्यक्षांची सही असते. जो प्रश्न आराखड्यात नाही, त्यासाठी पुढच्या वर्षी पैसे मागायला आधार उरत नाही. मोर्चात मागितलेली वर्गखोली आराखड्यात नसेल तर अधिकारी पहिला प्रश्न तोच विचारतात.

शिक्षकांची मागणी आकड्यांत लिहावी, "शिक्षक कमी आहेत" एवढ्याने भागत नाही. कायद्याच्या परिशिष्टात संख्या दिली आहे. पहिली ते पाचवीत 60 पर्यंत मुलांना 2 शिक्षक, 61 ते 90 ला 3, 91 ते 120 ला 4. सहावी ते आठवीसाठी वर्गाला किमान एक शिक्षक आणि त्यांत विज्ञान-गणित, समाजशास्त्र व भाषा यांचा प्रत्येकी एक, शिवाय 35 मुलांमागे एक. सातवीपर्यंतच्या एखाद्या शाळेचा ठराव असा लिहिता येईल : "पहिली ते पाचवीत 52 व सहावी-सातवीत 26 मुले आहेत. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे अनुक्रमे 2 व 3 असे एकूण 5 शिक्षक हवेत. सध्या 3 नेमणुका आहेत व त्यांपैकी 1 शिक्षक दुसऱ्या शाळेत डेप्युटेशनवर आहेत. विज्ञान-गणिताचे पद रिक्त आहे. कलम 25 प्रमाणे डेप्युटेशन रद्द करून शिक्षक मूळ शाळेत पाठवावेत व रिक्त पद मराठी माध्यमाच्या उमेदवाराने भरावे, तोवर मराठी जाणणारा अतिथी शिक्षक द्यावा." एका शाळेत नेमलेल्या शिक्षकाला दुसऱ्या शाळेत किंवा कचेरीत कामाला लावू नये, हे त्या कलमात स्पष्ट आहे. कलम 27 प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज इतर कामांना शिक्षक वापरता येत नाहीत. असा आकडेवार ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेला की त्यावर काहीतरी लेखी उत्तर द्यावे लागते. माध्यमाच्या बाबतीत घटनेचे कलम 350-अ हा आधार आहे. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेल्या या कलमात भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करावी असे म्हटले आहे. वर्गात 10 किंवा शाळेत 40 मुले असतील तर ती सोय करावी, हा मापदंड 1949 च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेपासून चालत आला आहे.

माध्यान्ह आहाराची तपासणी कमिटीतल्या आयांनी करावी. त्यांना कुणी शिकवायची गरज नाही, फक्त मापे माहीत हवीत. पाचवीपर्यंत मुलामागे तांदूळ 100 ग्रॅम, डाळ 20, भाजी 50 आणि तेल 5 ग्रॅम. सहावी ते आठवीला तांदूळ 150, डाळ 30, भाजी 75 आणि तेल साडेसात ग्रॅम. समजा त्या दिवशी खालच्या वर्गांची 40 आणि वरच्या वर्गांची 25 मुले जेवायला आहेत. तर चुलीवर पावणेआठ किलो तांदूळ, दीड किलोहून थोडी जास्त डाळ, पावणेचार ते चार किलो भाजी आणि 390 ग्रॅमच्या आसपास तेल गेले पाहिजे. आमटी पातळ दिसली तर आधी डाळीचे वजन विचारावे. क्षीरभाग्य या शाळेत दूध देण्याच्या राज्याच्या योजनेत मुलामागे 18 ग्रॅम भुकटी आणि 150 मिली दूध, म्हणजे 65 मुलांना 1 किलो 170 ग्रॅम भुकटीत पावणेदहा लिटर. तेवढ्याच भुकटीत मोठे पातेले भरले की दूध निळसर, पाणचट होते आणि मुले ते ओतून टाकतात. तांदळाचे पोते आले की छापलेल्या वजनावर न जाता काट्यावर घालावे. जेवण वाढण्याआधी शिक्षकाने चव घेऊन वहीत सही करायची असते. ती सही रोज त्या त्या दिवशी होते की शनिवारी आठवड्याची एकदम, हे वहीच्या शाईवरून लगेच कळते. धान्याअभावी किंवा इतर अडचणीने जेवण झालेच नाही तर 2015 च्या नियमांप्रमाणे मुलांना अन्नसुरक्षा भत्ता द्यावा लागतो. तो पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत देय असतो. स्वयंपाकिणींना मात्र यात गुन्हेगार ठरवू नये, तोकड्या मानधनावर त्या सगळी चूल सांभाळतात.

आपल्या मुलाविषयी विचारणे हाही हक्क आहे. कलम 24 मध्ये शिक्षकांच्या कर्तव्यांत पालकांशी नियमित भेटी घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणे हे स्पष्ट लिहिले आहे. अशा भेटीत "कसा आहे आमचा?" असे विचारले की "बरा आहे" असेच उत्तर मिळते. त्यापेक्षा मुलाची वही समोर ठेवून विचारावे : न अडखळता एक परिच्छेद वाचतो का, हातच्याची वजाबाकी येते का, कन्नड अक्षरे जुळवतो का, महिन्यात किती दिवस गैरहजर होता. मारहाण आणि मानसिक छळ कलम 17 ने बंद आहे. तशी तक्रार असेल तर ती कमिटीतच मिटवायची असे बंधन नाही.

दाखल्यांच्या बाबतीत सीमाभागाची अडचण वेगळी आहे. चंदगड, गडहिंग्लज, कागलकडून माहेरी-सासरी, कामाधंद्यासाठी कुटुंबे इकडे येतात, इकडची तिकडे जातात. कलम 5 प्रमाणे शाळा बदलणे हा मुलाचा हक्क आहे, राज्य बदलले तरीही. मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो आणि तो उशिरा मिळाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही. चिकोडी, अथणी, रायबाग भागात गळीत हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड टोळ्या येतात. त्यांची मुले मराठी बोलतात आणि हंगामभर फडातच असतात. हंगाम वर्षाच्या मधोमध येतो, तरी जवळच्या मराठी शाळेने त्यांना वयानुरूप वर्गात घ्यायचे असते. त्यासाठी कमिटीने एकदा टोळीच्या मुकादमाला भेटून मुलांची यादी आणली तर शाळेचा पटही वाढतो. नावांच्या स्पेलिंगकडे प्रवेशाच्या दिवशीच लक्ष द्यावे. ज्ञानेश्वर, यज्ञेश अशी नावे आधारवर मराठी वळणाने 'डीएनवाय' धरून लिहिलेली असतात आणि शाळेच्या संगणकात कन्नड वळणाने 'जेएन' होतात. मग शिष्यवृत्तीच्या वेळी जुळणी होत नाही. नोंद करताना आधार समोर ठेवून अक्षर न् अक्षर तपासावे. दहावीनंतर ती चूक निस्तरायला फार खेटे घालावे लागतात.

खानापूरच्या जंगलपट्ट्यात, भीमगड अभयारण्यातल्या आमगाव, गवाळी, कोंगळा, पास्टोलीसारख्या वस्त्यांना पावसाळ्यात ओढेनाले अडवतात. पाचवीपर्यंतची शाळा 1 किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची 3 किलोमीटरच्या आत असावी असा निकष आहे. जिथे ती नाही तिथल्या मुलांसाठी समग्र शिक्षामध्ये वाहतूक किंवा सोबत्याचा भत्ता आहे, मुलामागे वर्षाला 6,000 रुपयांपर्यंत. त्यासाठी कमिटीने वस्तीचे नाव, मुलांची नावे, शाळेपर्यंतचे अंतर आणि कोणत्या महिन्यांत कोणता नाला बंद होतो हे लिहून डिसेंबरच्या आराखड्यात घालावे. जून उजाडल्यावर केलेल्या अर्जाला त्या वर्षी उपयोग नसतो. अपंग मुलांसाठीही मुलामागे 3,500 रुपयांपर्यंत वेगळी तरतूद आहे, आणि ती नोंद नसल्यामुळेच बहुधा वाया जाते.

तक्रार कुठे आणि कशी करायची, यात लोक सर्वाधिक गोंधळतात. घटनेच्या कलम 350 प्रमाणे कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडण्यासाठी देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत अर्ज देता येतो. म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांना मराठीत अर्ज देणे हा घटनेने दिलेला हक्क आहे. "कन्नडमध्ये आणा" असे टेबलावर कुणी म्हटले तर अर्जाच्या डोक्यावर "घटनेचे कलम 350 अन्वये" एवढे लिहून तोच अर्ज पुन्हा पुढे करावा. तरीही घेतला नाही तर रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवावा. अर्जात एकच विषय असावा. शाळेचे नाव, यूडायस क्रमांक, काय घडले, कधीपासून आणि काय हवे, एवढे पुरे. सोबत ठरावाची प्रत जोडावी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 प्रमाणे मुलाच्या हक्काविषयीची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करायची असते. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. अर्ज जिल्हा पंचायतीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे करून एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि एक ग्रामपंचायतीला द्यावी असे आम्ही सुचवतो. निर्णय पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. खात्यातल्या वाटेने जायचे तर गटशिक्षणाधिकारी, मग बेळगाव किंवा चिकोडी शैक्षणिक जिल्ह्याचे उपसंचालक आणि त्यावर धारवाडचे अपर आयुक्त कार्यालय.

माहिती अधिकाराचा अर्ज मात्र वेगळा. तो इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत, म्हणजे इथे कन्नडमध्ये, द्यावा लागतो. मराठीत दिला तर परत येऊ शकतो आणि महिना फुकट जातो. कर्नाटकात या अर्जाला दोन बंधने आहेत, एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा. फी 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना माफ. उत्तर 30 दिवसांत यायला हवे, नाही आले तर पुढच्या 30 दिवसांत पहिले अपील करावे. "शाळेचा सगळा हिशेब द्या" असे मागितले की उडवाउडवीची उत्तरे येतात. "गेल्या आर्थिक वर्षातील शाळा अनुदानाच्या खर्चाची बिले व साठा नोंदवहीच्या प्रती" असे नेमके मागावे.

हे सारे सरकारी प्राथमिक शाळांना लागू आहे. भाषिक अल्पसंख्याक संस्थांनी चालवलेल्या अनुदानित शाळांची स्थिती सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2014 च्या घटनापीठाच्या निकालामुळे वेगळी आहे. तिथल्या पालकांनी संस्थेच्या नियमांत पालकांना काय स्थान दिले आहे ते आधी पाहावे.

बेळगाव आणि चिकोडी शैक्षणिक जिल्ह्यांच्या उपसंचालकांना आमची विनंती आहे. कमिटीची रचना, कामे, अनुदानाचे निकष आणि आराखड्याचा नमुना यांची मराठी पुस्तिका प्रत्येक मराठी शाळेला द्यावी. कमिटी सदस्यांचे प्रशिक्षण मराठी शाळांच्या केंद्रांवर मराठीतून घ्यावे. ठराव बुकातले मराठी पान तपासणीत ग्राह्य धरावे, असे लेखी कळवावे. कारवार, हल्याळ, जोयडा, भालकी, औरादकडच्या मराठी शाळांनाही हीच गरज आहे. आपणही आपल्या पानांवर दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आराखड्याचा मराठी नमुना छापावा. तो कात्रण म्हणून शाळेत लावता येईल आणि महिनाअखेरीच्या मुदतीआधी कमिट्यांच्या हाती पडेल.

आपले,
मराठी शाळांच्या शाळा सुधारणा कमिट्यांसोबत काम करणारे काही पालक व निवृत्त शिक्षक,
बेळगाव-खानापूर